काच जमली, सावलीचे काय?

नाशिकमध्ये संगणकाने घडवलेले वास्तवदर्शी चित्र सर्वाधिक दिसते ते बांधकामांच्या फलकांवर. गंगापूर रोड असो की पाथर्डी फाटा, अजून न बांधलेल्या इमारतीच्या गॅलरीत काचेचे रेलिंग चकाकत असते, मागे डोंगर, पुढ्यात छोट्या टेबलावर वाइनचा पेला. कारागिरी म्हणून ही चित्रे आता चांगली असतात. रेलिंगमध्ये आकाशाचे प्रतिबिंब योग्य जागी पडते, भरल्या पेल्यातून मागची कुंडी उलटी दिसते. पण नजर पेल्यावरून खाली टेबलावर न्यावी. तिथे सावली एकसारखी करडी असते, नाहीतर नसतेच. कलत्या उन्हात खरा पेला असा वागत नाही. तो ऊन गोळा करून टेबलावर वाकड्यातिकड्या लखलखीत रेघा ओढतो, आणि आत रेड वाइन असेल तर सावलीच्या मधोमध लाल डाग पेटतो. धंद्यात याला कॉस्टिक्स म्हणतात. काचेचे रेंडरिंग, म्हणजे संगणकाने काच रंगवणे, आज कुठवर आले हे जोखायला माझ्या लेखी हीच कसोटी आहे. काच स्वतः कशी दिसते हा प्रश्न जवळपास सुटला. तिच्यातून निघालेला उजेड मात्र बहुतेक चित्रांत वाटेतच गायब होतो, आणि त्याचे कारण आता गणित राहिलेले नाही.

काचेचे भौतिकशास्त्र जुनेच आहे. अपवर्तनाचा स्नेलचा नियम सतराव्या शतकातला. किती उजेड आत शिरेल आणि किती परतेल हे सांगणारी फ्रेनेलची सूत्रे एकोणिसाव्या शतकातली. खिडकीच्या साध्या काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५. तिच्याकडे सरळ पाहिले तर प्रत्येक पृष्ठभागावरून जेमतेम ४ टक्के उजेड परततो. तिरके पाहत गेलो की तीच काच आरसा होते. जाडीबरोबर शोषणही वाढते, म्हणून समोरून बिनरंगी वाटणारे तावदान कडेने हिरवट दिसते. हे सगळे आज कोणत्याही बऱ्या रेंडरिंग सॉफ्टवेअरमध्ये असते.

सुरुवात १९८० ची. बेल लॅबोरेटरीजमधल्या टर्नर व्हिटेड यांनी चौकड्यांच्या फरशीवर तरंगणारा काचेचा गोळा दाखवला. त्यांची युक्ती अशी की किरण उलटा सोडायचा, डोळ्यापासून दृश्याकडे. काच लागली की त्याचे परावर्तित आणि अपवर्तित असे दोन फाटे करायचे. गोळा इतका खरा होता की पुढे काही वर्षे काचेचा गोळा म्हणजेच संगणकीय चित्रकला असे समीकरण झाले. पण फरशीवर पोहोचलेला किरण फक्त सरळ रेषेत दिवा शोधायचा. गोळ्यातून वळून फरशीवर एकवटणाऱ्या उजेडाला त्या पद्धतीत जागाच नव्हती. जन्मखूण म्हणावी तशी ही उणीव पुढे टिकली.

१९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी प्रकाशाच्या सगळ्या येण्याजाण्याचे एकच समीकरण मांडले, आणि ते सोडवायला किरणांना यदृच्छेने भटकू दिले. त्यांच्या चित्रात हिरव्या काचेच्या गोळ्यांखाली कॉस्टिक्स उमटले. त्या एका चित्राला संगणकाची १२२१ मिनिटे खर्ची पडली. अडचण समजण्यासारखी आहे. सूर्य आकाशात अवघा अर्धा अंश व्यापतो. टेबलावरून कुठल्याही दिशेला सोडलेला किरण पेल्यात शिरून, दोनतीनदा वळून, नेमका त्या अर्ध्या अंशात निघण्याची शक्यता नगण्य. क्वचितच एखादा निघतो आणि चित्रात एक डोळे दिपवणारा पांढरा ठिपका सोडून जातो. या ठिपक्यांना फायरफ्लाय म्हणतात, आणि रात्रभर रेंडर लावून सकाळी ते पाहणारा माणूस पुन्हा कॉस्टिक्सच्या वाटेला जात नाही.

यावरचे उपाय हा या शास्त्राचा सर्वांत देखणा भाग. हेन्रिक वान येन्सन यांनी १९९६ मध्ये उलटा विचार केला: दिव्याकडून फोटॉन सोडावेत, ते पडतील तिथे नोंदवून ठेवावेत आणि नंतर डोळ्याकडून येणाऱ्या किरणाने त्या नोंदी वाचाव्यात. त्यांच्या कोन्याकच्या पेल्याचे चित्र या क्षेत्रात सगळ्यांना तोंडपाठ आहे. एरिक वीच यांनी दोन्ही बाजूंनी मार्ग काढून मध्ये जोडले, आणि १९९७ मध्ये लिओनिदास गिबास यांच्यासह, एक चांगला मार्ग सापडला की त्याच्याच आसपास शोधत राहण्याची पद्धत दिली. तरी एक गाठ उरलीच. नितळ पाण्यातून तळाकडे पाहताना उजेड पाण्यातून वळून आत येतो, तळावर पसरतो आणि पुन्हा वळून डोळ्याकडे निघतो. रामकुंडाच्या पाण्याखालच्या पायरीवर हलणारी उजेडाची जाळी हे त्याचे उदाहरण (गोदावरी तितकी नितळ असेल तेव्हा). दिवा अगदी बारीक असेल तर असा मार्ग यदृच्छेने कोणत्याच बाजूने जोडता येत नाही. वेन्झेल याकोब आणि स्टीव्ह मार्शनर यांनी २०१२ मध्ये तो भूमितीने, टप्प्याटप्प्याने जुळवत नेण्याची रीत काढली. २०२० मध्ये झेल्टनर, गिऑर्गिएव्ह आणि याकोब यांनी ती सोपी आणि खूप सुटसुटीत केली. माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांतले सर्वांत महत्त्वाचे काम हेच.

पेल्यातल्या वाइनसाठी मात्र शोधनिबंध पुरत नाही, हातही लागतो. नवशिका काच वेगळी आणि वाइन वेगळी करून आत ठेवतो. दोघांत केसभर फट राहिली की तिथे हवा आहे असे संगणक समजतो, पूर्ण आंतरिक परावर्तन होते आणि वाइनभोवती पाऱ्यासारखी चंदेरी साल दिसते. दोन्ही पृष्ठभाग तंतोतंत चिकटवले तर आकडेमोडीतल्या बारीक चुकांमुळे किरणाला आधी काच की आधी वाइन हेच ठरत नाही. जाणकार वाइन काचेत किंचित घुसवतो आणि कोणाचे अपवर्तन ग्राह्य धरायचे याचा अग्रक्रम देतो. वाइनचा अपवर्तनांक पाण्याहून थोडा जास्त आणि हवेपेक्षा काचेच्या बराच जवळ असतो. म्हणून भरलेल्या भागात काचेची आतली भिंत जवळपास नाहीशी व्हायला हवी. वाइनच्या प्रदेशात राहून ही एवढी गोष्ट चुकलेली चित्रे पाहवत नाहीत.

या विषयात नाशिकचे नाव आहे, आणि ते वाइनमुळे नव्हे. रमेश रासकर मूळचे नाशिकचे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून अमेरिकेत गेले. २००१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ताजमहालाच्या पांढऱ्या प्रतिकृतीवर प्रोजेक्टरने संगमरवर आणि ऊन चढवून दाखवले होते, म्हणजे रेंडरिंग पडद्यावरून वस्तूवर आणले होते. डिसेंबर २०११ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये त्यांनी आणि आंद्रेआस वेल्टन यांनी उजेड चालताना टिपून दाखवला. पाण्यात थोडे दूध मिसळून भरलेली बाटली, तिच्या बुडातून सोडलेला लेझरचा अतिसूक्ष्म झोत, आणि सेकंदाला सुमारे एक लाख कोटी चित्रांचा वेग. झोत बाटलीतून सरकत बुचापर्यंत जातो आणि तिथे फुटतो, हे त्या चित्रफितीत स्वच्छ दिसते. बाटली प्लास्टिकची होती, काचेची नव्हे. पण मुद्दा तोच: पारदर्शक वस्तूतून उजेड कसा जातो. त्यात एक मेखही आहे: तो कॅमेरा एका वेळी एकच आडवी ओळ टिपतो, म्हणून असंख्य झोतांची नोंद घेऊन चित्र जुळवावे लागते आणि एका नॅनोसेकंदाच्या प्रवासाला तासभर चित्रण लागते. एकदाच घडणारी गोष्ट त्यात सापडणार नाही.

रेंडरिंगच्या टीकाकाराला या प्रयोगाचे महत्त्व वेगळे वाटते. उजेड काचेत वळतो तो तिथे मंदावतो म्हणून: निर्वात पोकळीत सेकंदाला तीन लाख किलोमीटर, काचेत सुमारे दोन लाख. आपल्या सॉफ्टवेअरने वळणे ठेवले आणि मंदावणे टाकून दिले. त्याच्या जगात उजेड क्षणात पोहोचतो. स्थिर चित्राला त्याने फरक पडत नाही. पण या प्रयोगाने, म्हणजे फेम्टो-छायाचित्रणाने, कालक्रम दाखवला, आणि त्या कामात सहभागी असलेले स्पेनच्या सारागोसाचे आद्रियान हाराबो व दिएगो गुतिएरेझ यांनी २०१४ मध्ये काळासकट रेंडरिंगची चौकट मांडली. कोपऱ्यापलीकडचे पाहू शकणाऱ्या कॅमेऱ्यांच्या संशोधनाला असे काळासकट केलेले सिम्युलेशन आज लागतेच.

बाजारातली वाट मात्र उलट दिशेने गेली. २०१८ नंतर ग्राफिक्स कार्डांवर किरण मोजण्याची वेगळी यंत्रणा आली आणि मिनिटांचे काम सेकंदांवर आले. त्याबरोबर आले डीनॉइझर, म्हणजे थोडक्या किरणांतून बनलेल्या चित्रातले ठिपके अंदाजाने पुसून ते गुळगुळीत करणारे प्रोग्रॅम. भिंतीवर ते उत्तम चालतात. कॉस्टिक्सच्या बारीक रेघा त्यांना मळच वाटतात. शब्दांवरून चित्र देणारी एआय साधने तर काच निव्वळ साधर्म्याने काढतात: पेला मोहक, पण त्यातून दिसणारे मागच्या वस्तूंशी जुळेलच असे नाही. ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये २०२२ पासून सावलीतल्या कॉस्टिक्सची सोय आहे, मर्यादित. आणि ती मुद्दाम चालू करावी लागते. इमारतींच्या चित्रांत तर उलटीच रीत रुजली आहे. सावली ठरवायला दिव्याकडे सोडलेल्या किरणांपुरती खिडकीची काच नाहीच असे धरायचे, म्हणजे ऊन खोलीत स्वच्छ उतरते, काम लवकर संपते, आणि ग्राहक खूश.

काम करणाऱ्यांना मी दोष देत नाही. मुदत दोन दिवसांची आणि पैसे बेताचे असतात. पण या सोयीतून जे वगळले जाते ते निरुपद्रवी नाही. पश्चिमेकडच्या मोठ्या काचेवरून परतलेले ऊन समोरच्या गॅलरीत पडते, आत शिरलेले ऊन खोली तापवते, आणि चित्रात दोन्ही नसते. आर्किटेक्चर आणि अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या मुलांसाठी साधनांची सबब उरलेली नाही: ब्लेंडर आणि मित्सुबा ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, आणि फार, याकोब व हम्फ्रीस यांचे या विद्येचे मुख्य पुस्तक ऑनलाइन पूर्ण वाचता येते. घर घेणाऱ्यांनीही थोडे चिकित्सक व्हावे. या सॉफ्टवेअरमध्ये गाव, तारीख आणि वेळ दिली की सूर्य आपोआप जागेवर बसतो. तेव्हा बिल्डरने चित्र पुढे केले की ते कोणत्या महिन्याचे, किती वाजताचे आणि काच खरी धरून केलेले आहे का, हे विचारा. आणि नाशिकच्या एप्रिलमधल्या दुपारचे एक चित्र मागून घ्या.