भग्न भट्टीचे काव्य

भग्न वास्तूंविषयीची ओढ ही साहित्यातील एक जुनी व प्रतिष्ठित ओढ आहे. फ्रेंच विचारवंत दिदरो ह्याने १७६७ च्या चित्रप्रदर्शनावर लिहिताना ह्यूबेर रोबेरच्या भग्नचित्रांच्या निमित्ताने तिची मीमांसा केली. शेलीने १८१८ साली वाळवंटात मोडून पडलेल्या राजपुतळ्यावर सुनीत प्रसिद्ध करून तिला तत्त्वचिंतनाची जोड दिली. आपल्याकडे हे स्थान गडकोटांनी घेतले. पडका बुरूज पाहिला की मराठी लेखकाच्या लेखणीला पाझर फुटतो, आणि त्यात गैर काहीच नाही.

अलीकडे ह्या ओढीने एक नवे क्षेत्र शोधले आहे. राजवाडे आणि बुरूज सोडून ती बंद पडलेल्या कारखान्यांत शिरली आहे. इंग्लंडच्या केंट परगण्यातील खाड्यांच्या काठी व्हिक्टोरिया राणीच्या काळात असंख्य वीटभट्ट्या होत्या. लंडन शहर ज्या पिवळट विटांनी बांधले गेले, त्यांतील पुष्कळशा तेथून शिडाच्या पडावांत भरून जात. परतताना तेच पडाव लंडनच्या चुलींतील राख आणि केरकचरा घेऊन येत. ती राख चाळून मातीत मिसळीत, म्हणजे वीट आतूनही भाजली जाई. विसाव्या शतकात ह्या भट्ट्या एकामागून एक विझल्या. आज त्यांच्या अवशेषांतून हिंडणारे रसिक चिखलात रुतलेल्या पडावांची, गवताने झाकलेल्या भिंतींची, ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या विटांच्या थरांची वर्णने मोठ्या तन्मयतेने लिहितात.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही असा एक वारसा आहे. बाझेल मिशनच्या जर्मन-स्विस पाद्र्यांनी मंगळुरास नेत्रावतीच्या काठच्या मातीपासून कौले पाडण्याचा कारखाना काढला. धर्मांतरामुळे जातीचा धंदा गमावून बसलेल्यांना काम मिळावे, हा त्यातील एक हेतू होता. १८६५ हा आकडा उमटवलेली त्यांची कौले जुन्या घरांवर अजूनही सापडतात. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने मिशनची मालमत्ता ताब्यात घेतली आणि कारखाने पुढे दुसऱ्या हाती गेले. सिमेंटचा स्लॅब आला, सरपण महागले, आणि मंगळुरातील बहुतेक कौलकारखाने बंद पडले. कोकणातील ज्या कौलारू घराला आपण अगदी घरचे, परंपरागत म्हणून डोळ्यांत पाणी आणून आठवतो, त्याच्या माथ्यावरचे मंगळुरी कौल अशा व्हिक्टोरियाकालीन कारखान्याचे अपत्य आहे, ही गोष्ट आपल्या स्मृतिचित्रणांतून सहसा येत नाही.

ह्या अवशेषलेखनाचा गुण प्रथम मान्य केला पाहिजे. राजा आणि सेनापती ह्यांच्या पलीकडेही इतिहास असतो. साध्या विटेलाही चरित्र असते, हे ह्या लेखकांनी वाचकाला शिकविले. परंतु ह्या लेखनातील सौंदर्य ज्या अटीवर उभे असते, ती अट तपासून पाहण्याजोगी आहे. भट्टी थंड असली पाहिजे, ही ती अट होय. धूर नाहीसा झाला की चिमणी सुंदर दिसते. चिखल तुडविणारी माणसे निघून गेली, की चिखलावर संध्याकाळचे रंग उमटतात. करुणरसाची सर्व सामग्री तेथे असते. ज्याच्याविषयी करुणा वाटावी तो माणूस मात्र तेथे नसतो.

भट्टी जळत असताना साहित्याने तिच्याकडे पाहिल्याची उदाहरणे थोडी आहेत, आणि त्यांतील एक डिकन्सचे आहे. १८५२-५३ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'ब्लीक हाउस' ह्या कादंबरीत एक परोपकारी बाई वीटकामगाराच्या खोपटात उपदेश करावयास जाते. तिच्या शब्दांचा ओघ चालू असतो. नवरा जमिनीवर पडून तिला फटकळ उत्तरे देत असतो. आणि कोपऱ्यात, जिच्या डोळ्यावर माराचा वण आहे अशी बायको मांडीवरच्या मुलाकडे पाहत असते. त्या मुलाचा जीव तेथेच जातो. उपदेश करणाऱ्या बाईच्या ते ध्यानातही येत नाही. ज्या दोन मुली तिच्याबरोबर आलेल्या असतात, त्यांच्यापैकी एकीने त्या मुलावर आपला रुमाल घालावा, एवढेच तेथे सहानुभूतीला करता येते. डिकन्स येथे वीटभट्टीचे चित्र रंगवीत बसत नाही. तो आपल्याला आपलीच नजर दाखवितो: पाहावयास गेलेल्यांना काय दिसले आणि काय दिसले नाही.

कल्पित कथेच्या मागे कायदा जावयास पुढे जवळजवळ वीस वर्षे लागली. जॉर्ज स्मिथ हा स्वतः लहानपणी डोक्यावर माती वाहिलेला मनुष्य. त्याने १८७१ मध्ये वीटभट्ट्यांवरील मुलांच्या आक्रोशाविषयी पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी पार्लमेंटाने सोळा वर्षांखालील मुलींना व दहा वर्षांखालील मुलांना ह्या कामावर ठेवण्यास बंदी केली. आज केंटच्या खाडीकाठी ज्या विटा आपण कौतुकाने उचलून पाहतो, त्यांतील कित्येक त्या बंदीपूर्वीच्या असतील. विटेवर मालकाचे नाव उमटलेले असते, थापणाऱ्याचे नसते.

आता आपल्या अंगणात येऊ. परळीहून तेलगावमार्गे बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिरसाळा हे गाव आहे. समुद्र येथून शेकडो मैल दूर. पण गावाभोवती वीटभट्ट्या आहेत, आणि त्या थंड नाहीत. परळीस १९७१ साली औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. तेथे दगडी कोळसा जळतो आणि त्याची राख ह्या भागातील विटांच्या मातीत मिसळली जाते. लंडनच्या चुलींची राख केंटच्या मातीत मिसळली जात होती, हे ज्याने वाचले आहे, त्याला येथे इतिहासाचे पान पुन्हा उघडल्यासारखे वाटेल. उत्तर हिंदुस्थानात तर १८७६ साली बुल नावाच्या इंग्रज अभियंत्याने काढलेल्या पद्धतीची खंदकभट्टी अद्याप जळते आहे. व्हिक्टोरियाचा काळ इंग्लंडच्या किनाऱ्यावर संपला. आपल्याकडे त्याची भट्टी विझलेली नाही.

वीटकामाची रीत पाहिली तर ती फार बदललेली नाही. माती भिजवावी, तुडवावी, साच्यात भरून तळावर थापावी, उन्हात उलटीपालटी करून वाळवावी, मग रचून भाजावी. पावसाळा संपला की हंगाम सुरू होतो आणि पाऊस आला की मोडतो. हंगामापूर्वी मालकाकडून उचल घ्यावयाची आणि हजार विटांमागे ठरलेल्या दराने ती फेडीत राहावयाचे. नवराबायको मिळून काम करतात आणि मुले वाळत्या विटा उलटतात. १९७६ साली वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला. पण उचल हा शब्द मराठवाड्यातील ऊसतोडीच्या आणि वीटभट्टीच्या बोलीतून गेलेला नाही.

आणि वीट हा शब्द तर मराठीत सामान्य नाहीच. आपले दैवतच विटेवर उभे आहे. मराठवाड्यातल्याच तेर येथे, जे प्राचीन तगर, त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर आहे. तेथील काही जुन्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात. त्याच तेरचे संत गोरोबाकाका. नामात तल्लीन होऊन चिखल तुडविताना त्यांचे तान्हे मूल पायाखाली आले, ही कथा आपण शतकानुशतके भक्तीचा कळस म्हणून ऐकत आलो. ती भक्तीची कथा आहे हे खरेच. पण ती मातीत काम करणाऱ्या घराचीही कथा आहे. आई पाण्याला गेलेली, बाप चिखलात, मूल सांभाळावयास दुसरे कोणी नाही, हा तिचा भाग कीर्तनात आपण भरभर ओलांडतो. डिकन्सच्या खोपटातील मूल आणि गोरोबांचे मूल ह्यांत सातशे मैलांचे नव्हे, सात समुद्रांचे अंतर आहे. तरी दोघांच्या अंगाला लागलेली माती एकच आहे.

कला कलेसाठी की जीवनासाठी, हा फडके-खांडेकरांच्या काळचा वाद आता कोणी पोटतिडिकीने घालीत नाही. तथापि अवशेषांवरील लेखन त्याची एक सोपी कसोटी पुरविते. लेखकाने थंड भट्टीत जरूर हिंडावे, शेवाळाचे रंगही टिपावेत. पण तेथून तो जळत्या भट्टीकडे पाहण्याची अधिक तीक्ष्ण नजर घेऊन परतला की कमी, एवढेच वाचकाने पाहावे. १९८० साली लक्ष्मण माने ह्यांचे 'उपरा' आले, तेव्हा पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणारे घर स्वतःच्या तोंडाने बोलू शकते, हे मराठी वाचकाने अनुभवले. थापलेल्या विटांचे हजार मोजीत हंगाम काढणाऱ्या घराचेही असे गद्य यावयास हवे, आणि ते येईल तेव्हा आपल्या मासिकांनी त्याला जागा ठेवली पाहिजे. शंभर वर्षांनी सिरसाळ्याच्या ओसाड भट्ट्यांवर कोणी हळवा निबंध लिहील, ह्यात मला शंका नाही. त्या निबंधाला पुरावा म्हणून केवळ विटाच उरू नयेत.