आठ-के चित्र आणि अवयवी : ‘अपोलो ११’ पाहताना



मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातला प्रत्यक्षाचा विचार पाहिला. शेवटी एका श्रोत्यानं विचारलं होतं, की अवयव आणि अवयवी यांचा हा वाद आज कुणाला कुठे नडतो? प्रश्न रास्त आहे. आज त्याचं उत्तर द्यायचं आहे, आणि त्यासाठी आपण थोडं आडवाटेला जाणार आहोत. आधी एका सॉफ्टवेअरपाशी जाऊ, मग एका चित्रपटाकडे.

आमचा एक जुना विद्यार्थी मोशन ग्राफिक्सचं काम करतो. म्हणजे काय, तर चित्रित केलेल्या व्हिडिओवर अक्षरं, रेषा, आकृत्या, नकाशे असे थर एकावर एक रचायचे, त्यांना हलवायचं आणि सगळ्याचं मिळून एक चित्र करायचं. या रचण्याला कॉम्पोझिटिंग म्हणतात. १९९३ साली आलेलं आफ्टर इफेक्ट्स हे त्यातलं सर्वांत परिचित सॉफ्टवेअर. त्याच्या शेजारी आम्ही काही दुपारी नुसते बसून राहिलो. आमची पहिली समजूत अशी, की आठ-के व्हिडिओवर काम करणारा माणूस दिवसभर आठ-के चित्र बघत असणार. तसं अजिबात नाही.

हिशेब करू. आठ-के म्हणजे आडवे ७६८० आणि उभे ४३२० पिक्सेल. एकूण ३ कोटी ३१ लाखांहून अधिक. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार आकडे. प्रत्येक आकडा १६ बिटांचा धरला, तर एका फ्रेमला साडेसव्वीस कोटी बाइट लागतात. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे दहा सेकंदांचं तयार चित्र नुसतं मेमरीत धरून ठेवायला सुमारे ६४ गिगाबाइट. आणि हे एकाच थराचं. असे वीस थर असले, त्यात धूसरपणा, सावल्या, रंगदुरुस्ती आली, की चांगला दणकट संगणकसुद्धा दम टाकतो.

मग ही मंडळी करतात काय? प्रॉक्सी वापरतात. मूळ व्हिडिओची एक हलकी, लहान नक्कल करायची आणि मूळ फाइलच्या जागी तात्पुरती तीच ठेवायची. किंवा प्रिव्ह्यू पाव रिझोल्यूशनवर ठेवायचा. पाव म्हणजे उंचीनं पाव आणि रुंदीनंही पाव, म्हणजे पिक्सेल सोळावा हिस्सा. आठ-केचा पाव म्हणजे बरोबर आपला नेहमीचा १९२० गुणिले १०८०. काम सगळं या नकलेवर होतं. शेवटी रेंडर करताना मूळ फाइल परत जागेवर येते आणि संगणक रात्रभर गुरगुरत बसतो.

इथे तत्त्वज्ञानाच्या माणसाचे कान टवकारतात. करणारा जे बघतो आणि तो जे करतो, त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तो प्रतिनिधीकडे बघून मूळ वस्तू घडवतो आहे! आणि तरीही काम बहुतेक वेळा बरोबर होतं. अक्षर कधी यावं, किती थांबावं, डोळ्यानं आधी कुठे जावं, हे सगळं सोळाव्या हिश्शात व्यवस्थित कळतं. हे कसं?

कधी कधी चुकतंही, आणि ती चूक शिकण्यासारखी आहे. या विद्यार्थ्यानं एकदा आठ-के चित्रावर एक बारीक रेषा काढली, एक पिक्सेल जाडीची. पाव प्रिव्ह्यूत ती पुसट दिसत होती, म्हणून त्यानं ती जाड केली, मग आणखी जाड केली. पूर्ण आकारात रेंडर होऊन मोठ्या पडद्यावर आली तेव्हा रेषेचा दोरखंड झाला होता. धूसरपणाचंही तसंच. लहान चित्रावर २० पिक्सेलचा ब्लर जेवढा मऊ वाटतो, तेवढाच आठ-केवर दिला तर जेमतेम जाणवतो, कारण चित्र चौपट रुंद झालं, २० मात्र २०च राहिले. तेव्हापासून त्याची शिस्त ठरली. गती आणि मांडणी प्रॉक्सीवर ठरवायची. रेषा, कडा, चित्राचे दाणे हे मात्र एकेक फ्रेम पूर्ण रिझोल्यूशनवर थांबवून तपासायचं.

आता न्यायसूत्रांकडे येऊ. बौद्ध म्हणतो, घट वगैरे काही वेगळी वस्तू नाही, परमाणूंचा समूह आहे, त्यालाच आपण घट म्हणतो. नैयायिक म्हणतो, नाही. अवयवांत राहणारा, पण अवयवांहून वेगळा असा अवयवी आहे आणि डोळ्यांना दिसतो तो अवयवी. चौथ्या अध्यायात पूर्वपक्ष एक फार सुंदर दाखला देतो. तिमिर नावाचा नेत्रविकार झालेल्या माणसाला सुटा केस दिसत नाही, पण केसांचा झुपका दिसतो. तसंच एकेक परमाणू न दिसो, परमाणूंचा ढीग दिसायला काय हरकत आहे? मंडळी, ही रिझोल्यूशनची चर्चा आहे! आमच्यासारखे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले लोक हा दाखला अनुभवानं समजू शकतात.

गौतमाचं उत्तर असं, की इंद्रिय तीक्ष्ण असेल किंवा मंद असेल, ते आपल्या विषयाच्या आतच. मंद डोळ्याला केस दिसत नाही, तीक्ष्ण डोळ्याला दिसतो, कारण केस हा मुळात डोळ्याचा विषय आहे. परमाणू हा डोळ्याचा विषयच नाही, तेव्हा तीक्ष्णता वाढवून तो दिसणार नाही. अगोचर वस्तूंचा कितीही मोठा ढीग केला तरी तो गोचर होत नाही.

पिक्सेल म्हणजे परमाणू नव्हे, हे आम्हाला मान्य आहे. झूम केलं की पिक्सेल दिसतो, परमाणू दिसत नाही. उपमा तिथे लंगडी पडते. पण तिचा कणा टिकतो. निरोगी डोळा साधारण अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा फरक ओळखतो. ढोबळ हिशेबानं, आठ-केचा प्रत्येक पिक्सेल डोळ्याच्या कामी यायचा तर पडद्यानं आपल्यापुढचे सव्वाशेहून जास्त अंश व्यापले पाहिजेत. इतक्या जवळ कोण बसतं? घरातल्या टीव्हीवर तर नाहीच. तेव्हा रिझोल्यूशन वाढल्यानं डोळ्याची धार वाढते ती एका मर्यादेपर्यंत. पण चित्राचा अर्थ, त्याची एकसंधता, ही धार लावून मिळणारी चीज नाही. प्रॉक्सीवर काम का जमतं, याचं उत्तर हेच आहे. अवयवी सोळाव्या हिश्शातही हजर असतो.

आता चित्रपट. टॉड डग्लस मिलर यांचा ‘अपोलो ११’ हा माहितीपट २०१९ साली आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पडून राहिलेली ६५ मिलिमीटरची रिळं त्यासाठी बाहेर काढली गेली, आणि आठ-के, काही ठिकाणी त्याहूनही वरच्या प्रतीचं स्कॅनिंग झालं. निवेदक नाही, मुलाखती नाहीत. प्रसिद्धीत सगळा भर रिझोल्यूशनवर होता. आणि सुरुवातीची दृश्यं खरंच थक्क करतात. रॉकेट वाहून नेणारं ते अजस्र यंत्र, समुद्रकाठी गाड्यांच्या टपांवर बसलेली माणसं, पोशाख चढवताना तिघा अंतराळवीरांचे गंभीर चेहरे. पन्नास वर्षांचं अंतर पुसून जातं.

पण चित्रपटाचा प्राण कुठे आहे? आमच्या मते तो २० जुलै १९६९च्या उतरण्याच्या प्रसंगात आहे. आणि गंमत बघा, तिथे ६५ मिलिमीटर नाहीच. ‘ईगल’च्या खिडकीला लावलेल्या छोट्या १६ मिलिमीटर कॅमेऱ्यानं टिपलेलं ते चित्र आहे. दाणेदार, थरथरतं. चंद्राची खड्ड्याखड्ड्यांची जमीन वर येते आहे, एवढंच दिसतं. नुसतं ते दृश्य बघितलं तर काय चाललंय ते सामान्य प्रेक्षकाला समजणार नाही. त्यावर मिलर यांनी काय रचलं? मूळ संभाषणाचा आवाज, १२०२ हा धोक्याचा इशारा, आणि पडद्यावर साधे आकडे: उंची, वेग, उरलेलं इंधन. आकडे उतरत जातात आणि आपला श्वास अडकतो. शेवट ठाऊक असूनही अडकतो! हे कॉम्पोझिटिंग आहे, अस्सल अर्थानं. चित्र, आवाज आणि आकडा हे तीन अवयव, आणि त्यांतून उभा राहणारा प्रसंग हा अवयवी. तो तिन्हींपैकी एकातही एकट्यानं नाही.

यानाचा मार्ग दाखवणाऱ्या आकृत्याही अशाच. साध्या रेषा. तंत्रज्ञान हाताशी असताना त्यांनी चकचकीत, खऱ्यासारखी दिसणारी यानं बनवली नाहीत. हा संयम आम्हाला या चित्रपटाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. जिथे चित्र भरगच्च आहे तिथे ग्राफिक्स गप्प आहे. जिथे चित्र दुबळं आहे तिथे ते बोलतं, आणि आपण आकृती आहोत हे लपवत नाही.

आता तक्रार. पहिली अशी, की ६५, ३५ आणि १६ मिलिमीटरची चित्रं एकाच ओघात येतात. कोणतं कशातून आलं हे पडद्यावर कुठे जाणवू दिलेलं नाही. नियंत्रणकक्षातलं मूळ मूक चित्रण आवाजाशी जुळवलं, हे संशोधन कौतुकास्पद आहे. पण शिवण दिसली असती तर चित्रपट अधिक प्रामाणिक झाला असता. चित्र स्वच्छ म्हणून साक्ष खरी, अशी सवय आपल्या डोळ्याला लागते, आणि आजच्या काळात ती धोक्याची आहे.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. मोठा, महागडा कॅमेरा कुठे उभा करायचा हे कुणीतरी ठरवतं. उड्डाणाच्या आदल्या दिवशी, १५ जुलैला, राल्फ अबरनथी यांच्या नेतृत्वाखाली गरिबांचा मोर्चा खेचरांच्या गाड्या घेऊन केप केनेडीपाशी आला होता. पोटाचा प्रश्न आधी की चंद्र आधी, असं ते विचारत होते. उड्डाण पाहणाऱ्या गर्दीची ती लखलखीत दृश्यं तुम्ही कितीही मोठी करून बघा, तो प्रश्न त्यांत उमटत नाही. चौकटीच्या आत तीन कोटी पिक्सेल असतील. चौकटीबाहेर एकही नाही. निवेदक नसल्यामुळे चित्र स्वतःच बोलतंय असं वाटतं, आणि म्हणून चौकट कुणाची हे विचारायचं आपण विसरतो.

तेव्हा त्या श्रोत्याला आमचं उत्तर असं. हा वाद आज रोज नडतो. चार-के जाऊन आठ-के येतं, उद्या आणखी काही येईल, आणि प्रत्येक वेळी आपल्याला सांगितलं जाईल की आता खरं दिसेल. केस दिसेल, हे कबूल. कडा, रेषा, दाणा यांच्यासाठी पूर्ण रिझोल्यूशनवर बघायलाच हवं, तिथे आळस केला की दोरखंड होतो. पण डोकं कुणाचं आहे, ते कुणापुढे आणि कशासाठी झुकलंय, हे केस मोजून कळत नाही. त्यासाठी थोडं मागे सरकून, डोळे किलकिले करून, प्रॉक्सीवर बघावं लागतं. चांगला कारागीर दिवसातून दहादा ही ये-जा करतो. प्रेक्षकानं निदान एकदा तरी करावी.

एक छोटा गृहपाठ देतो. ‘अपोलो ११’मधला उतरण्याचा प्रसंग एकदा शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर बघा आणि एकदा फोनवर. काय गमावलं आणि काय शिल्लक राहिलं, दोन रकाने करून लिहा. पुढच्या वेळी आपण त्या रकान्यांपासूनच सुरुवात करू. आता प्रश्न असतील तर घेऊ या.