गल्लीचा उजेड

बिबट्याचं छायाचित्र म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? आडव्या फांदीवर सैल सोडलेलं अंग, खाली लोंबणारी शेपटी, नाहीतर अख्खी चौकट भरून टाकणारा चेहरा. लांब पल्ल्याच्या लेन्सने मागचं रान धूसर करून टाकलेलं असतं आणि त्या हिरव्या पडद्यावर ठिपकेदार राजबिंडा प्राणी एकटाच उठून दिसतो. अशी चित्रं पाहण्याची वर्षानुवर्षं सवय झालेल्या माझ्यासारख्याने नयन खानोलकरांचं ‘द अ‍ॅली कॅट’ पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा नजर आधी घरांवर गेली. रात्रीची अरुंद गल्ली. लगटून उभी असलेली घरं. भिंतींवर पडलेला उजेड. आणि त्या घरांच्या कडेने आपल्या वाटेने निघालेला एक बिबट्या.

मुंबईच्या उपनगरात टिपलेल्या या छायाचित्राला २०१६ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत ‘अर्बन’ म्हणजे नागरी विभागाचं पहिलं पारितोषिक मिळालं. त्या वर्षी ९५ देशांतून जवळपास ५०,००० छायाचित्रं आली होती. खानोलकर पेशाने जीवशास्त्राचे प्राध्यापक. वर्गात शिकवायचं आणि उरलेल्या वेळात कॅमेरा घेऊन रानाकडे वळायचं, हा त्यांचा शिरस्ता. पारितोषिकाची बातमी जुनी झाली, चित्र मात्र अजून ताजं आहे. ते का, हे मला त्या चित्रात शिरून पाहायचं आहे.

आधी जागा पाहू. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. पश्चिमेला बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव, पूर्वेला मुलुंड, भांडुप, उत्तरेला ठाणे. दोन्ही लोकलमार्गांच्या मधोमध हे रान पसरलं आहे आणि त्याच्या दक्षिण टोकाला चिकटून आहे गोरेगावची आरे कॉलनी, या चित्राची जागा. १९४९ साली तिथे दुग्धवसाहत वसली, गोठे आले, गवताची कुरणं आली. वारली आणि इतर आदिवासींचे पाडे मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे आहेत. आपल्याकडच्या हौशी छायाचित्रकाराला हा परिसर पाठ असतो. रविवारी पहाटे पाठीला सॅक लावून बोरिवलीच्या गेटवर जमायचं, सिलोंढ्याच्या वाटेने पक्षी पाहत हिंडायचं, कान्हेरीच्या लेण्यांतल्या दगडावर तिरपं ऊन येईपर्यंत थांबायचं, परतीच्या वाटेवर चहा आणि वडापाव. २०१६ सालीच उद्यानात कारवी फुलली होती. आठ वर्षांनी एकदा येणारा तो जांभळा बहर टिपायला तेव्हा उपनगरातले सगळे कॅमेरे डोंगरउतारांवर लोटले होते. त्यांत माझाही होता. दुर्मीळ ते सुंदर, असं हौशी माणसाचं मन सहज धरून चालतं. खानोलकरांनी मात्र निवडली रोजची पायवाट. जिथून माणसं पाण्याची कळशी आणतात, मुलं शाळेला जातात आणि रात्री बिबट्या जातो, ती.

आता उजेड पाहू, कारण या चित्राचा प्राण उजेडात आहे. बिबट्या रात्रीचा प्राणी. त्याला टिपायला छायाचित्रकार ‘कॅमेरा-ट्रॅप’ लावतात. कॅमेरा एका जागी पक्का बसवायचा, वाटेवर हालचाल झाली की तो आपोआप चालेल अशी योजना करायची आणि आपण तिथून निघून जायचं. यात नेहमी होतं ते असं: फ्लॅश समोरून भडकतो, जनावर पांढरंफटक उजळतं, डोळे काचेच्या गोट्यांसारखे चमकतात आणि मागचं सगळं जग काळोखात बुडतं. असं चित्र अभ्यासकाच्या कामाचं असतं. त्यावरून ठिपके मोजता येतात, एक बिबट्या दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येतो. पण रसिकाच्या हाती त्यातून फारसं काही लागत नाही, कारण तिथला उजेड त्या जागेचा नसतो. तो बाहेरून येऊन जागेवर आदळलेला असतो.

खानोलकरांनी फ्लॅश अशा बेताने मांडले की त्यांचा उजेड गल्लीतल्या नेहमीच्या दिव्यांसारखाच पडावा. वाचताना ही तांत्रिक बाब वाटते. चित्रासमोर उभं राहिलं की तिचा अर्थ उलगडतो. बिबट्यावर पडलेला प्रकाश आणि भिंतीवर पडलेला प्रकाश एकाच घरचे वाटतात. प्राणी गल्लीत आणून ठेवलेला वाटत नाही, तो गल्लीतला वाटतो. रात्रपाळी करून परतणाऱ्या माणसाच्या खांद्यावर याच दिव्याचा उजेड पडला असेल, तासाभराने तोच या ठिपक्यांवर पडला. उजेडाने माणूस आणि जनावर यांत दुजाभाव केला नाही. सगळ्या चित्राचा विचार छायाचित्रकाराने एका दिव्याच्या जातीत साठवला आहे, आणि मला त्यातली ही सगळ्यांत मोठी करामत वाटते.

दुसरी गोष्ट मापाची. कॅमेऱ्याची जागा त्यांनी अशी ठरवली की समोरून येणारं जनावर चौकटीवर स्वार होऊ नये. हा निर्णय सोपा नाही. महिनोन्‌महिने ज्याची वाट पाहायची, तो आल्यावर त्याला चौकटीत मोठा करण्याचा मोह कोणाला होणार नाही? खानोलकरांनी तो मोह आधीच, कॅमेरा बसवतानाच बाजूला ठेवला. म्हणून चित्रात घरांना त्यांचं आकारमान मिळतं, वाटेला तिची लांबी मिळते आणि बिबट्या त्या सगळ्यांत बेतशीर मावतो. इथे मला वारल्यांच्या भिंतीची आठवण होते. गेरूने किंवा शेणमातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या त्या चित्रांत लग्नाचा चौक सोडला, तर कोणी एक नायक होऊन सगळी जागा अडवत नाही. दोन त्रिकोणांची माणसं, झाडं, पाखरं, गुरं, वाघ सगळे आपापल्या जागी आणि आपापल्या कामात. जिव्या सोमा म्हशे यांनी ही चित्रं लग्नविधीच्या भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेली. त्यांच्याही चित्रांत नजर एका आकृतीवर खिळत नाही, ती रानभर हिंडत राहते. आरेतल्या वारल्यांच्या घरांच्या भिंतींवरही हे चितारलेले वाघ-बिबटे असतात. खानोलकरांची चौकट त्याच भिंतींच्या न्यायाने रचलेली आहे. हे त्यांनी ठरवून केलं की त्या घरांच्या सहवासात राहून आपसूक झालं, याने रसास्वादात फरक पडत नाही. चित्र ज्यांच्या दारातलं आहे, त्यांच्याच दृष्टीने ते पाहिलं गेलं आहे, एवढं पुरे.

तिसरी गोष्ट नजरेची. कॅमेऱ्याचा खटका वाजला आणि बिबट्याने क्षणभर त्या आवाजाच्या दिशेने पाहिलं. या पाहण्यात गुरगुर नाही, दबा नाही, पळ काढायची घाई नाही. ‘कोण आहे?’ एवढाच प्रश्न आहे. रात्री उशिरा चाळीच्या जिन्यात पावलं वाजली की आतून कोणीतरी असंच विचारतं आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा कामाला लागतं. त्या क्षणानंतर बिबट्याही आपल्या वाटेला लागला. इतर चित्रांत आपण बिबट्याला पाहतो. इथे तो आपल्याला पाहतो, आणि त्याच्या लेखी आगंतुक आपण असतो. घरमालकाने दार किलकिलं करून पाहावं तसं ते आहे.

म्हणून चित्राचं नावही नीट वाचावं. इंग्रजीत ‘अ‍ॅली कॅट’ म्हणजे बोळाबोळांतून हिंडणारं, कोणाचंच नसलेलं मांजर. आपल्याकडे मांजराला वाघाची मावशी म्हणतात. बोक्यांनी आणि मावश्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या गल्लीत इथे थोरल्या घरचा भाचा आला आहे. नावात कौतुक आहे, आणि धीटपणाही. भटक्या मांजराचं बिरूद बिबट्याला देऊन छायाचित्रकार सांगतात, की याला रानातून वाट चुकून आलेला पाहुणा समजू नका; याच्या रोजच्या फेरीत ही गल्ली आहे. अभ्यासही तेच सांगतो. २०१५ साली वन्यजीव अभ्यासक निकित सुर्वे यांनी कॅमेरा-ट्रॅप लावून उद्यानात आणि भोवताली ३५ बिबट्यांची नोंद केली. २०१८ साली हा आकडा ४७ झाला. वस्तीजवळच्या उकिरड्यांवर पोसलेली भटकी कुत्री त्यांच्या आहाराचा मोठा भाग आहेत. बिबट्या गल्लीत येतो तो पोट भरायला.

या चित्राला लागलेला वेळ चार महिन्यांचा. त्या चार महिन्यांत एकट्या कॅमेऱ्याने काम केलं नाही. आधी पाड्यातल्या माणसांना आपलं म्हणणं पटवावं लागलं. ते पटल्यावर त्यांनीच सांगितलं, कोणता बिबट्या कोणत्या वाटेने जातो, कधी जातो. दुर्बिणीपेक्षा मोठं साधन हे शेजारपण आहे. वारल्यांच्या घरी वाघ देव म्हणून पुजला जातो, वाघबारशीला त्याला नैवेद्य असतो. वाघोबाच्या स्थानांवर झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत अशी १५० स्थानं नोंदली गेली आहेत. ज्याला पुजायचं त्याच्या येण्याजाण्याची वेळ घराला ठाऊक असतेच. छायाचित्रकाराने ते शहाणपण उसनं घेतलं, आणि चित्रात ते प्रामाणिकपणे परत केलं.

माझ्या मते हौशी माणसाची खरी ताकद इथे आहे. पोटासाठी चित्र काढणाऱ्याला तारीख पाळावी लागते. हौशी माणूस त्याच गल्लीत शंभरदा जाऊ शकतो. बोरिवलीहून केनियाला जाणारे कॅमेरे मी पुष्कळ पाहिले. पण बोरिवलीहून गोरेगावला चार महिने जाणारा कॅमेरा विरळा. प्रवासाचं अंतर कमी आणि फेऱ्या जास्त, या हिशेबातून जे मिळतं ते दूरच्या सफरीत मिळत नाही. परकी जागा आपल्याला देखावे देते. रोजची जागा, तिथे पुन्हापुन्हा गेल्यावर, आपली सवय दाखवते, आणि हे चित्र एका सवयीचं चित्र आहे.

तरी एक गोष्ट हे चित्र दाखवत नाही आणि ती इथे मांडली पाहिजे. २००४ च्या जूनमध्ये उद्यानाच्या आसपास बिबट्याच्या हल्ल्यांत लागोपाठ माणसं मेली. त्या काळात इथली माणसं संध्याकाळ झाली की मुलांना घरात ओढून घेत. पुढे विद्या अत्रेय यांच्या जुन्नरमधल्या अभ्यासाने दाखवलं, की पकडलेला बिबट्या अनोळखी रानात नेऊन सोडला की तंटा मिटत नाही, वाढतो. २०११ मध्ये वनखात्याने अभ्यासकांना आणि नागरिकांना सोबत घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्क) हा उपक्रम सुरू केला. पिंजऱ्यावरचा भर कमी झाला, वस्तीत कचरा साठू न देणं, अंधारात लहान मुलांना एकटं न सोडणं, अशा साध्या गोष्टींवर भर आला. खानोलकरांच्या चित्रातली शांतता या कष्टातून आलेली आहे. ज्या आईला रात्री लेकराला घेऊन घराबाहेरच्या शौचालयात जावं लागतं, तिच्या हातातली बॅटरी या चौकटीत नाही. पण ती तिथे आहे हे धरूनच चित्र पाहावं. मग बिबट्याच्या नजरेतली शांतता स्वस्त वाटत नाही. तिची किंमत कळते.

खानोलकरांची स्वतःची इच्छा होती, की उद्यानाला भिडत चाललेल्या नव्या टोलेजंग इमारतींतल्या माणसांनी वारल्यांकडून हे सहजीवन शिकावं. पारितोषिकानंतर तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली. तेव्हापासून हे चित्र मला वेगळं दिसतं. आधी वाटायचं, बिबट्या माणसांच्या गल्लीत आला आहे. आता चौकटीच्या कडा जाणवतात आणि त्या कडांपलीकडे किती रान उरलं, हा प्रश्न त्या क्षणभराच्या नजरेत ऐकू येतो. चांगल्या चित्राचं हे लक्षण आहे: ते तेच राहतं, आणि काळ त्यात नवे अर्थ भरत जातो.

हे चित्र पाहिल्यापासून माझ्या रविवारांत एक बदल झाला. पहाटेच्या सोनेरी उजेडासाठी मी धावायचो. आता कधीकधी संध्याकाळ उतरल्यावर घराजवळच्या बोळात नुसता उभा राहतो. कोणत्या खांबावरचा दिवा पांढरा, कोणता पिवळा, त्यांचा उजेड पन्हाळीवरून उतरून भिंतीच्या कोणत्या पोपड्यावर थांबतो, हे पाहतो. कॅमेरा पिशवीतच असतो. कुत्री भुंकतात, गप्प होतात. कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी होते. आपला बोळ आपण कधी नीट पाहिलाच नव्हता, हे तेव्हा कळतं. बिबट्या माझ्या बोळात येणार नाही. पण त्याने मला या दिव्याखाली उभं राहायला शिकवलं.