चरित्रनोंद आणि चरित्रनायकाचा शब्द : छत्रपती संभाजी महाराजांच्या ज्ञानकोशीय नोंदीच्या निमित्ताने

प्रस्तावना :

ज्ञानकोशातील चरित्रनोंद हा मराठी समीक्षेने फारसा न हाताळलेला लेखनप्रकार होय. चरित्र, आत्मचरित्र, चरित्रात्मक कादंबरी यांची चर्चा विपुल झाली. नोंदीकडे मात्र केवळ माहितीचे साधन म्हणून पाहिले गेले. फेब्रुवारी 2025 मध्ये इंग्रजी विकिपीडियावरील छत्रपती संभाजी महाराजांच्या नोंदीवरून निर्माण झालेल्या वादाने ही उपेक्षा लक्षात आणून दिली. 'छावा' हा हिंदी चित्रपट 14 फेब्रुवारी रोजी प्रदर्शित झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच नोंदीतील काही विधानांवर तीव्र आक्षेप घेण्यात आले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मजकूर हटविण्याच्या दृष्टीने कार्यवाहीचे निर्देश दिले. महाराष्ट्र सायबरने विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठविली आणि पुढे काही संपादकांविरुद्ध गुन्हाही नोंदविला. चर्चा भावना आणि कायदा या दोन टोकांत फिरत राहिली. नोंद कोणाच्या आवाजात बोलते आणि ज्याच्याविषयी ती लिहिली जाते त्याच्या स्वतःच्या शब्दाला तिच्यात कोणते स्थान असते, हा वाङ्मयीन प्रश्न मागेच राहिला. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

विकिपीडियाचा नियम असा की नोंदीत मूळ संशोधन येऊ नये. विश्वसनीय, प्रकाशित आणि शक्यतो दुय्यम साधनांचाच आधार घ्यावा. या नियमाचा अनुभव हयात लेखकालाही आला आहे. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांनी 'द ह्यूमन स्टेन' या कादंबरीच्या नोंदीतील एक विधान दुरुस्त करू पाहिले. कादंबरीची प्रेरणा अनातोल ब्रॉयार्ड नसून आपले मित्र मेल्विन ट्यूमिन यांच्या आयुष्यातील प्रसंग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. लेखकाचा शब्द पुरेसा नाही, दुय्यम साधन हवे, असे त्यांना कळविण्यात आले. तेव्हा त्यांनी 2012 मध्ये 'द न्यूयॉर्कर'मध्ये खुले पत्र लिहिले. हा प्रकार हास्यास्पद वाटतो खरा. परंतु नियम निर्बुद्ध नाही. माणूस स्वतःविषयी नेहमी खरेच सांगतो असे आत्मचरित्रांचा कोणताही अभ्यासक म्हणणार नाही.

संभाजी महाराजांच्या बाबतीत हा पेच अधिक खोल आहे. त्यांचा स्वतःचा शब्द उपलब्ध आहे. 'बुधभूषणम्' हा संस्कृत ग्रंथ त्यांच्या नावावर आहे. शिवाय कुडाळच्या बाकरे घराण्याला 1680 मध्ये दिलेल्या संस्कृत दानपत्रात त्यांनी वारसाकलहाविषयी आपली बाजू मांडली असून सावत्र माता सोयराबाई यांचा उल्लेख आदराने केला आहे. याउलट मल्हार रामराव चिटणीस यांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीची, म्हणजे घटनांनंतर सुमारे सव्वाशे वर्षांची. सोयराबाईंना भिंतीत चिणून मारल्याची कथा या बखरीतली. बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांच्या आज्ञेने 1681 मध्ये देहदंड झाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे बखरीच्या सुराचा उलगडा होतो. तरीही पुढील शतकभर छापली गेली, वाचली गेली आणि रंगभूमीवर आली ती प्रामुख्याने बखरीतील प्रतिमा. दुय्यम साधनांवर विसंबणारी नोंद अशा वेळी जे अधिक वेळा छापले गेले त्याचाच वारसा चालविते.

या प्रतिमेच्या दुरुस्तीचा इतिहास नाशिककरांना जवळचा वाटावा असा आहे. वा. सी. बेंद्रे यांचे साधनाधिष्ठित चरित्र 1960 मध्ये प्रसिद्ध झाले, डॉ. कमल गोखले यांचा 'शिवपुत्र संभाजी' पुढच्या दशकातला. या दोन ग्रंथांच्या दरम्यान वसंत कानेटकर यांनी 'रायगडाला जेव्हा जाग येते' (1962) आणि 'इथे ओशाळला मृत्यू' (1968) ही नाटके लिहिली. गंगापूर रोडपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयात कानेटकर इंग्रजीचे अध्यापन करीत. पहिल्या नाटकातील पितापुत्रांचा ताण आणि दुसऱ्यातील मरणाला सामोरा जाणारा राजा यांमधील अंतर म्हणजे एका लेखकाने सहा वर्षांत केलेले पुनर्लेखनच होय. त्यासाठी कोणाला नोटीस द्यावी लागली नाही. उलट राम गणेश गडकरी यांच्या अपूर्ण 'राजसंन्यास'मधील चित्रणाचा राग म्हणून जानेवारी 2017 मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील त्यांचा पुतळा मुठा नदीत टाकला गेला. त्याने नाटकातला एक शब्दही बदलला नाही.

आक्षेप घेणाऱ्यांची वेदना मात्र खोटी ठरवता येत नाही. नोंदीची शैलीच तिला कारणीभूत असते. ग्रंथात एखादे विधान साधनांची छाननी, शंका आणि प्रतिवाद यांसह येते. नोंदीत त्याचे एक वाक्य होते, आणि बखरकाराचा आरोप व इतिहासकाराचा निष्कर्ष एकाच सपाट स्वरात शेजारी बसतात. 'काही इतिहासकारांच्या मते' हे शब्द तटस्थ दिसतात, पण ते आरोप कोणी, केव्हा आणि कोणत्या हितसंबंधातून केला हे झाकून टाकतात. साधे उदाहरण रामशेजचे. नाशिकच्या उत्तरेस असलेल्या या किल्ल्याला मोगलांनी 1682 मध्ये वेढा घातला. तो किती काळ चालला याविषयी कुठे पाच, कुठे साडेसहा वर्षे असे आकडे आढळतात. त्यांतील एक आकडा उचलून नोंद निश्चिंत होते. कालावधीतील फरकाने कोणी दुखावत नाही, चारित्र्याविषयीच्या वाक्याने दुखावते. लेखनदोष मात्र एकच.

न्यायालयीन मार्गाचाही अनुभव ताजा आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने स्वतःवरील नोंदीबद्दल 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात मानहानीचा दावा केला. त्या खटल्याविषयीचे पान हटविण्याचा आदेश 9 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला. वृत्तसंस्था न्यायालयात उभी राहू शकते, रॉथ पत्र लिहू शकले. सतराव्या शतकातील राजाची बाजू मांडणार ते अभ्यासकच. संपादकांवर गुन्हा नोंदविल्याने ज्याच्याकडे उत्तम साधने आहेत तोही नोंदीपासून दूर राहण्याची शक्यता वाढते, हा या कारवाईचा सर्वांत मोठा तोटा होय. शिवाय बदललेले वाक्य नोंदीच्या इतिहास-पानावर सामान्यतः तारीखवार जपलेले राहते. 1680 च्या दानपत्राचे संहितेसह, अनुवादासह आणि बखरीशी ताडून केलेले विवेचन इंग्रजीतही परीक्षित नियतकालिकात आले, तर नोंदीच्या नियमाप्रमाणेच ते ग्राह्य ठरेल. संस्कृत, इतिहास आणि मराठी हे विषय शिकविणारी महाविद्यालये गंगापूर रोडच्या परिसरात आहेत.