अभिरुची आणि खेळाची वेळ

अभिरुची व्यक्तिगत असते, हे विधान बहुधा समीक्षेला निरुत्तर करण्यासाठीच केले जाते. हिंजवडीतील संगणक-अभियंत्याला मराठी चित्रपट रुचत नाही असे म्हणताना, तो त्याला कोणत्या वेळी पाहता येत होता हे कोणी विचारत नाही. ‘कोर्ट’ प्रदर्शित झाला त्याच महिन्यात, एप्रिल २०१५ मध्ये, बहुपडदा चित्रपटगृहांनी मराठी चित्रपटांना मुख्य वेळ द्यावी असे राज्य शासनाने ठरवले. विरोध होताच ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ इतकी सैल झाली. नोकरदाराच्या दृष्टीने दुपारचा खेळ असून नसल्यासारखाच. अभिनवगुप्ताचा सहृदयदेखील काव्याच्या अनुशीलनाने घडतो. जे पाहताच आले नाही त्याचे अनुशीलन कसे व्हावे? दूरचित्रवाणीवरील मालिका मात्र ठरल्या वेळी घरात येते. तिची लोकप्रियता मोजताना ही सवलत कोणी वजा करत नाही.