ॲपचा दिलासा, प्रयोगाची तपासणी

मोबाइलवरील ॲपमुळे वैद्यकीय विद्यार्थ्यांची चिंता कमी होते, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. त्यासाठी ज्या प्रयोगांचा दाखला देतात, त्यांपैकी एक २०१८ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील ८८ वैद्यकीय विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाने ३० दिवस ‘हेडस्पेस’ या ॲपवरील ध्यानाचे पाठ रोज १० ते २० मिनिटे ऐकायचे होते. दुसऱ्याला तेवढ्या काळात ॲप दिले नव्हते. अखेरीस पहिल्या गटाचा ताण कमी आढळला.

प्रयोग प्रामाणिक आहे. पण मोजला तो ताण, आणि तोही विद्यार्थ्यांनी स्वतःच भरलेल्या प्रश्नावलीवरून. चिंता ही वेगळी गोष्ट. तिच्यासाठी वेगळ्या प्रश्नावल्या आहेत. शिवाय आपल्याला उपाय मिळाला हे एका गटाला ठाऊक होते, आणि मिळाला नाही हे दुसऱ्याला. औषधाच्या चाचणीत अशा वेळी दुसऱ्या गटाला औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी देतात. इथे दुसऱ्या गटाला रोज तेवढाच वेळ नुसते संगीत ऐकवले असते तर? फरक ध्यानामुळे पडला, स्वस्थ बसण्यामुळे की केवळ अपेक्षेमुळे, याचा थोडा तरी उलगडा झाला असता. ‘नियंत्रित प्रयोग’ शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे. मुलांना अशा फटी शोधायला आवडतात.

प्रयोगाबाहेर तर ॲप उघडणारेच फार थोडे. मानसिक आरोग्याच्या ९३ ॲपच्या प्रत्यक्ष वापराची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. ३० व्या दिवशी वापरणाऱ्यांच्या प्रमाणाचा मध्यक होता ३.३ टक्के!

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. ॲप दुखणे विद्यार्थ्याच्या मनात शोधते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ च्या अहवालात निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नसावे आणि एक साप्ताहिक सुट्टी असावी, अशी शिफारस केली. मर्यादा म्हणून सुचवायचा आकडा ७४, यावरूनच परिस्थितीची कल्पना यावी. रात्रपाळी करून आलेल्याला दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितले, तर तो बहुधा झोपी जाईल, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

एका गटाला ॲप आणि दुसऱ्याला आठवड्याची हक्काची सुट्टी, अशी तुलना कोणी तरी करून पाहायला हवी.