शिकाऊ रंगमंच आणि आपण

प्रवेशअर्जांच्या दिवसांत आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ सायंकाळच्या मिस्सानंतर आमच्याकडे आले. त्यांची मुलगी गायनवृंदात गाते, नाताळच्या नाटकात मरियेची भूमिका करते. आता तिला पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्यशिक्षण घ्यावयाचे आहे. गृहस्थांनी विचारले, "फादर, तिथे देवादिकांची टिंगल करतात म्हणे. पोरीला पाठवू की नको?" आम्ही त्या वेळी दिलेले उत्तर तोकडे होते. पुरते उत्तर द्यावे, आणि त्या निमित्ताने ह्या केंद्राच्या कार्याचे मोल आपल्या परीने जोखावे, असा ह्या लेखाचा हेतू आहे.

ललित कला केंद्राची स्थापना १९८७ साली झाली. संगीत, नृत्य व नाट्य ह्या तीन कलांचे पदवी व पदव्युत्तर शिक्षण तेथे दिले जाते. केंद्राच्या नावापुढे 'गुरुकुल' हा शब्द लागतो, तो उगाच नव्हे. गुरूच्या सहवासात घडणारी साधना आणि विद्यापीठाची परीक्षापद्धती ह्यांची सांगड घालण्याचा तो प्रयत्न आहे. आमच्या सोनईचे महाविद्यालय ह्याच विद्यापीठाशी संलग्न असल्यामुळे हे केंद्र जितके पुणेकरांचे, तितकेच आमचेही आहे.

आम्ही पुण्यात नगर रस्त्यावर गुरुविद्यालयात शिकत असताना, नव्वदच्या दशकात, सवड मिळाली की गणेशखिंडीकडे जात असू. एरवीच्या कलागृहांचा हंगाम तिकीटविक्रीवर बेतलेला असतो. येथील हंगाम अभ्यासक्रमावर बेतलेला. सत्र संपत आले की विद्यार्थ्यांचे परीक्षाप्रयोग सुरू होतात. त्यांत दोष पुष्कळ असत. शहरी मुलगा ग्रामीण बोली बोलू लागला की कानाला खडा टोचल्यासारखे होई. संवाद पाठ असत, पण समोरच्या पात्राचे ऐकण्याची सवय नसे. दुःख दाखवावयाचे म्हणजे आवाज चढवावयाचा, अशी बऱ्याच जणांची समजूत दिसे. परंतु पुढच्या सत्रात तोच मुलगा रंगमंचावर नुसता उभा राही, आणि त्याच्या गप्प राहण्यातून घरातले भांडण आम्हांस ऐकू येई. व्यावसायिक रंगभूमीवर तयार फळ मिळते. येथे मोहोर पाहावयास मिळतो, आणि मोहोर गळतोही.

१९९६ ते २००९ ह्या काळात श्री. सतीश आळेकर केंद्राचे प्रमुख होते. त्यांची पार्श्वभूमी ध्यानात घेण्याजोगी आहे. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले आणि समाजाच्या एका वर्गाचा अवमान होतो ह्या कारणावरून अवघ्या १९ प्रयोगांनंतर संस्थेनेच ते थांबविले. तेव्हा त्यातील तरुण कलावंतांनी १९७३ साली 'थिएटर अकॅडमी' स्थापन केली. आळेकर त्यांपैकीच एक. पुढे त्याच नाटकाने १९८० साली युरोपचा दौरा केला. १९७४ साली आलेल्या स्वतः आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये मेलेला भाऊराव आपल्याच मरणाचे कीर्तन करतो. कीर्तनासारखा भक्तिप्रकार विनोदासाठी वापरला म्हणून कीर्तन बाटले नाही. उलट, मरणाच्या दारातही माणसाचे हट्ट कसे सुटत नाहीत, हे त्या विनोदामुळेच मनाला भिडते. दुखावलेल्या भावना म्हणजे काय आणि थांबविलेला प्रयोग म्हणजे काय, हे जवळून पाहिलेला माणूस ह्या केंद्रात इतकी वर्षे शिकवीत होता.

ज्या घटनेमुळे त्या गृहस्थांना प्रश्न पडला, ती २ फेब्रुवारी २०२४ ची. विद्यार्थ्यांनी परीक्षेसाठी बसविलेल्या नाटिकेत रामलीलेतील नटांचे पडद्यामागील जीवन दाखविले होते. सीतेची भूमिका करणारा नट धूम्रपान करतो, शिवराळ बोलतो, असे तक्रारीत म्हटले होते. एका विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी प्रयोग मध्येच बंद पाडला. विभागप्रमुख व पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. मग जामीन मिळाला. नाटिका चांगली होती की सुमार, हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही, कारण आम्ही ती पाहिलेली नाही. तिचा शेवट तर त्या दिवशी कोणालाच पाहता आला नाही. अर्ध्यावर थांबविलेल्या कलाकृतीचे परीक्षण होऊ शकत नाही. उत्तरपत्रिका अर्धी लिहून होताच हिसकावून घेतली, तर परीक्षकाने गुण कशाला द्यावेत? श्रद्धावंतांचे मन दुखावत नाही असे आम्ही म्हणत नाही. पण दुखावलेल्या मनाने प्रश्न विचारावा, रागे भरावे, हवे तर उठून जावे. शिकाऊ मुलाला थेट कोठडी दाखविणे हे त्यावरचे औषध नव्हे.

येथे दुसऱ्यांकडे बोट दाखवून थांबणे आम्हांस शोभणार नाही. फ्रान्समध्ये मोलियरने धार्मिक ढोंगावर 'तार्त्युफ' लिहिले, तेव्हा १६६७ साली पॅरिसच्या महाधर्मगुरूंनी ते पाहणाऱ्यास बहिष्काराची ताकीद दिली होती. १६७३ साली मोलियर मरण पावला, तेव्हा नट म्हणून त्याला रात्रीच्या अंधारात पुरावे लागले. इतके मागे जावयास नको. २०१५ साली मुंबईत 'अॅग्नेस ऑफ गॉड' ह्या नाटकावर बंदी घाला, अशी मागणी एका कॅथलिक संघटनेने केली होती. ती ऐकून मान डोलविणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी ते नाटक पाहिले वा वाचले होते? दुसरीकडे, तरुणपणी नट असलेला व नाटके लिहिलेला एक माणूस पोप जॉन पॉल दुसरे झाला आणि १९९९ साली त्याने कलावंतांना उद्देशून आदराचे पत्र लिहिले, हीही आपलीच परंपरा आहे.

एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका धर्मग्रामात उपवासकाळात प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक बसविले होते. ख्रिस्ताची भूमिका करणारा मुलगा शेतमजुरी करणारा होता. तालमीच्या वेळी तो झगा घातलेला असतानाच मंदिरामागे तंबाखू मळताना आम्हांस सापडला. आम्ही सर्वांदेखत त्याला बोल लावले व भूमिका दुसऱ्या मुलाला दिली. दुसऱ्याचे पाठांतर चोख होते. पण क्रूस उचलताना त्याच्या खांद्यावर ओझे आहे, असे एकदाही वाटले नाही. पहिल्या मुलाच्या खांद्याला ओझ्याची ओळख होती. त्यानंतर तो मंदिरात फारसा दिसला नाही. आम्ही झग्याची लाज राखली आणि झग्यातले माणूस गमावले. रामलीलेच्या पडद्यामागे डोकावू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना बहुधा हाच प्रश्न पडला असावा: देवाचे सोंग घेणाऱ्या माणसाचे पुढे काय होते? शब्द देही झाला असे मानणाऱ्या आम्हांस तरी तो प्रश्न परका वाटू नये.

केंद्राविषयी आमची एक तक्रार आहे. विद्यापीठाचा विस्तार पुण्यासह नगर आणि नाशिक जिल्ह्यांत आहे, पण ह्या केंद्राचा प्रयोग सोनईत झालेला आम्ही पाहिला नाही. नाटक म्हणजे आमच्याकडे आजही जत्रेतला तमाशा, शाळेचे स्नेहसंमेलन आणि धर्मग्रामाचे नाताळ. ज्यांनी शिकाऊ प्रयोग कधी पाहिलाच नाही, त्यांच्यापर्यंत प्रयोग येत नाही, त्याची अफवा तेवढी येते. विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा तरी गावच्या मंडपात यावे. त्यांची ग्रामीण बोली कोठे चुकते, ते आमच्या आजीबाई फुकटात सांगतील.

त्या गृहस्थांना आम्ही आता असे सांगू: मुलीला पाठवा. तिला तेथे आवाज लावावयास, ऐकावयास आणि चुकावयास शिकवतील. मात्र सत्र संपताना तिचा परीक्षाप्रयोग असेल, तेव्हा पहाटेची एस.टी. धरा आणि पहिल्या रांगेत जाऊन बसा. काही खटकले तर प्रयोग संपेपर्यंत थांबा, मग तिलाच विचारा. आम्हांसही बरोबर न्या.